रेस ट्रॅकवरचे पहिले वळण

सायकलवरून शाळेत जाताना कोपरा वळलात की तुमचे अंग आपोआप आतल्या बाजूला झुकते. हे तुम्हाला कोणी शिकवले? कोणीच नाही. दोन-चार वेळा गुडघे फुटले आणि शरीराने ते आपोआप आत्मसात केले. पण 'का झुकायचे?' आणि 'किती झुकायचे?' हे दोन प्रश्न कोणी विचारले, तर आपण गप्प बसतो. आज या दोन प्रश्नांची उत्तरे आपण एका वेगळ्याच शाळेत जाऊन शोधणार आहोत. ती शाळा म्हणजे मोटारसायकलींचा रेस ट्रॅक.

हा विषय मला सुचला तो एका विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून. अमरावतीहून अकोल्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जून २०२२ मध्ये याच मार्गावर एका पदराच्या ७५ किलोमीटर लांबीवर डांबरी काँक्रीटचा थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. हा विद्यार्थी मला म्हणाला, "सर, या रोडवर गाडी शंभरने नेली तरी हलत नाही. मग रेस ट्रॅकवर काय अवघड आहे?"

मी त्याला म्हटले, "सरळ रस्त्यावर परीक्षा होते ती इंजिनाची. तुझी परीक्षा वळणावर होते." त्याला ते पटले नाही. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तेच गणित आज तुमच्यापुढे मांडतो.

ट्रॅकवर पहिली सकाळ

आपल्या देशात मोटारसायकलींच्या शर्यती बऱ्याच जुन्या आहेत. चेन्नईजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातली एक विमानांची धावपट्टी होती. तिच्यावर अनेक वर्षे शर्यती होत. पुढे १९९० मध्ये चेन्नईजवळच इरुंगट्टुकोट्टै येथे खास शर्यतींसाठी ट्रॅक सुरू झाला. त्याची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर असून त्यावर १२ वळणे आहेत. कोइम्बतूरजवळ सुमारे २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट २०११ मध्ये सुरू झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे मोटारसायकलींची जागतिक 'मोटोजीपी' स्पर्धा भारतात प्रथमच झाली. अशा ट्रॅकवर शर्यती नसतात त्या दिवशी नवशिक्यांसाठी प्रशिक्षणाचे वर्गही भरतात.

समजा, तुम्ही १८ वर्षांचे झालात, रीतसर परवाना मिळाला आणि तुम्ही अशा एका वर्गाला गेलात. तुम्हाला वाटेल, गेल्याबरोबर गाडी पळवायची. पण तसे होत नाही. आधी गाडी तपासतात. टायरमधली हवा, ब्रेक, साखळी, तेलाची गळती, सगळे पाहतात. आरसे काढून ठेवतात किंवा त्यांवर चिकटपट्टी लावतात. कारण येथे मागे पाहायचे नसते आणि फुटली तर काच ट्रॅकवर पडायला नको. मग चामड्याचा जाड पोशाख, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट. त्यानंतर झेंड्यांची ओळख: पिवळा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे फेरी थांबवा.

आणि मग येतो खरा आश्चर्याचा भाग. शिकवणारा मनुष्य वेगाबद्दल फारसे बोलतच नाही! तो सांगतो, "पहिल्या फेऱ्या सावकाश. टायर अजून थंड आहेत. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी उभी असताना. वळणात दांडी गच्च ओढायची नाही. आणि नजर चाकापुढे नको, वळण जिकडे जाते तिकडे ठेवा." ट्रॅकच्या कडेला प्लॅस्टिकचे शंकू मांडलेले असतात. पहिला शंकू ब्रेक कोठे लावायचा ते दाखवतो, दुसरा कोठून वळायचे, तिसरा आतल्या कडेला कोठे पोचायचे आणि चौथा कोठून बाहेर पडायचे ते दाखवतो.

या सूचना नुसत्या पाठ करायच्या नाहीत. त्यांतल्या प्रत्येकीमागे पदार्थविज्ञानाचा एकेक नियम आहे.

झुकायचे ते का?

न्यूटनचा पहिला नियम आठवा. गतिमान वस्तूला सरळच जायचे असते. तिला वर्तुळात फिरवायचे, तर वर्तुळाच्या केंद्राकडे ओढणारे बल सतत लागते. त्याला आपण अभिकेंद्री बल म्हणतो. दोरीला दगड बांधून फिरवला तर हे बल दोरी देते. मग मोटारसायकलीला ते कोण देते? तिला तर दोरी नाही! तिची दोरी म्हणजे टायर आणि रस्ता यांतले घर्षण. तळहाताएवढ्या जागेत प्रत्येक टायर रस्त्याला टेकलेला असतो. सगळी गाडी, सगळा चालक, या दोन तळहातांच्या भरवशावर वळतो.

आता गंमत पाहा. घर्षणाचे बल लागते ते खाली, जमिनीलगत. गाडी आणि चालक यांचा गुरुत्वमध्य मात्र वर, जवळजवळ बसण्याच्या जागेपाशी असतो. खालून पाय ओढले की माणूस मागे पडतो, तशी ताठ उभी गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला पडेल. हे टाळायला चालक आत झुकतो. आत झुकलेल्या गाडीला गुरुत्वाकर्षण आत पाडू पाहते आणि घर्षण बाहेर पाडू पाहते. दोन्हींचा तोल साधला की गाडी झुकलेल्या स्थितीतच स्थिर राहते. हा तोल साधणारा कोन असा मिळतो:

कलकोनाचा टॅन = (वेग × वेग) ÷ (त्रिज्या × ९.८)

येथे वेग मीटर प्रति सेकंद आणि त्रिज्या मीटरमध्ये घ्यायची. या सूत्रात वस्तुमान कोठेच नाही, हे लक्षात आले का? हडकुळा चालक असो की धिप्पाड, त्याच वेगाला त्याच वळणावर कोन तोच.

आपण २५ मीटर त्रिज्येचे एक वळण घेऊ. म्हणजे कबड्डीच्या मैदानाच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट त्रिज्या. त्यावर निरनिराळ्या वेगांना किती झुकावे लागेल?

ताशी ३० किलोमीटर: सुमारे १६ अंश
ताशी ४० किलोमीटर: सुमारे २७ अंश
ताशी ५० किलोमीटर: सुमारे ३८ अंश
ताशी ६० किलोमीटर: सुमारे ४९ अंश

वेग दुप्पट झाला की टॅन चौपट होतो, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. कंपासमधला कोनमापक घ्या आणि ३८ अंशांत पेन्सिल झुकवून पाहा. त्या पेन्सिलवर आपण बसलो आहोत अशी कल्पना करा. पोटात गोळा येतो की नाही?

आणखी एक नवल. डावीकडे झुकायचे तर हँडल क्षणभर उजवीकडे वळवावे लागते! चाके खालून उजवीकडे सरकतात आणि वरचा भार डावीकडे कलतो. तुम्ही सायकलवर हे रोज करता, पण तुम्हाला ते ठाऊक नसते. विमान बनवणारे राइट बंधू मूळचे सायकलींचे व्यावसायिक. त्यांतल्या विल्बरने सायकलस्वारांना 'तुम्ही वळता कसे?' असे विचारून पाहिले होते आणि नेमके उत्तर कोणालाच देता आले नव्हते.

पकडीची शिल्लक

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. घर्षण ही दोरी खरी, पण ती वाटेल तेवढा ताण सोसत नाही. कोरडा, स्वच्छ डांबरी रस्ता आणि चांगला टायर असेल तर घर्षण-गुणांक सुमारे ०.८ धरू. गाडी आणि चालक मिळून वस्तुमान २०० किलोग्रॅम असेल, तर घर्षण जास्तीत जास्त ०.८ × २०० × ९.८ = १५६८ न्यूटन बल देऊ शकते. त्याहून एक न्यूटनही जास्त नाही.

आपल्या २५ मीटरच्या वळणावर सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने गेलो तर किती बल लागेल? २०० × १४ × १४ ÷ २५ = १५६८ न्यूटन. म्हणजे सगळी शिल्लक वळण्यातच संपली!

आणि नेमक्या याच क्षणी घाबरून ब्रेक दाबला तर? ब्रेकलाही घर्षणच लागते. त्याच टायरचे, त्याच तळहाताएवढ्या जागेतले. खिशात एकच रुपया आहे आणि तो तुम्ही आधीच खर्च केला आहे. तो दुसऱ्यांदा कसा खर्चणार? टायर सुटतो, गाडी आडवी होते आणि चालक घसरत वळणाच्या बाहेर जातो.

हा हिशेब साध्या बेरजेचा मात्र नाही. वळण्याचे बल आडवे लागते, ब्रेकचे मागच्या दिशेने. दोन्ही एकमेकांशी काटकोनात. मग येथे कोणते प्रमेय लागणार? पायथागोरसचे! एकूण पकड १०० असेल, तर वळणाच्या खर्चाचा वर्ग आणि ब्रेकच्या खर्चाचा वर्ग यांची बेरीज १०० च्या वर्गाहून जास्त होता कामा नये. ३, ४ आणि ५ चा तुमचा नेहमीचा काटकोन त्रिकोण येथे हुबेहूब बसतो.

त्याच वळणावर ताशी ३९ किलोमीटरने गेलात तर वळण्यावर पकडीचे ६० टक्के खर्च होतात आणि ब्रेकसाठी ८० टक्के उरतात.
ताशी ४५ ने गेलात तर ८० टक्के खर्च होतात आणि ६० टक्के उरतात.
ताशी ५० ने गेलात तर १०० टक्के खर्च होतात आणि उरते शून्य.

३९ आणि ५० यांत फरक फक्त ११ किलोमीटरचा. पण पहिल्या चालकापुढे अचानक काही आडवे आले तर त्याच्याकडे पुष्कळ शिल्लक आहे. दुसऱ्याकडे काहीच नाही. 'ब्रेक वळणाच्या आधी, गाडी उभी असताना' या सूचनेचा अर्थ आता उलगडला ना? आधी सगळी पकड ब्रेकवर खर्च करायची, वेग उतरवायचा, मग ब्रेक हळूहळू सोडत तीच पकड वळणाला द्यायची.

नजरेची सूचनाही याच हिशेबातली. नजर चाकापुढच्या जमिनीवर असली की वळण किती उरले ते कळत नाही. मनुष्य घाबरतो आणि बोटे आपोआप ब्रेकवर आवळतात. शिवाय आपण जिकडे टक लावून पाहतो तिकडेच हँडल जाते. खड्ड्याकडे पाहणारा सायकलस्वार नेमका खड्ड्यातच जातो, हा अनुभव तुम्हाला असेलच.

शंकूंचे गुपित

मग ते चार शंकू कशासाठी? ते चालकाला वळणाची त्रिज्या वाढवून देतात. १० मीटर रुंद ट्रॅकचे एक काटकोनी वळण घ्या. आतल्या कडेची त्रिज्या २० मीटर, बाहेरच्या कडेची ३० मीटर. मधोमध गेलो तर त्रिज्या २५ मीटर आणि घर्षणाने ठरलेली कमाल मर्यादा ताशी ५० किलोमीटर. पण बाहेरच्या कडेपासून सुरुवात केली, वळणाच्या मध्यावर आतल्या कडेला स्पर्श केला आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघालो, तर त्याच ट्रॅकवर सुमारे ५४ मीटर त्रिज्येचा कंस बसतो. मग मर्यादा होते ताशी ७४ किलोमीटर! इंजिन तेच, टायर तेच. वाढली ती फक्त त्रिज्या. आलेख-कागदावर ही आकृती काढा आणि ५४ हा आकडा स्वतः पडताळून पाहा. नववी-दहावीची भूमिती त्यासाठी पुरेशी आहे.

शिक्षकांसाठी येथे एक टीप. जागतिक स्पर्धांतले चालक ६० अंशांपेक्षाही जास्त झुकतात. ६० अंशांचा टॅन १.७३ आहे. म्हणजे घर्षण-गुणांक एकापेक्षा मोठा झाला! 'गुणांक एकापेक्षा जास्त असूच शकत नाही' ही समजूत वर्गात अनेकदा ऐकू येते, पण ती चुकीची आहे. शर्यतीच्या टायरचे रबर मऊ असते. शर्यतीपूर्वी ते विजेच्या आवरणात गुंडाळून तापवतात. असे रबर डांबरातल्या खड्यांच्या बारीक खाचांत शिरून बसते. कोरड्या, कठीण पृष्ठभागांसाठी आपण शिकवतो ते घर्षणाचे साधे नियम रबराला तंतोतंत लागू पडत नाहीत. 'पहिल्या फेऱ्या सावकाश' म्हणतात ते यासाठीच. थंड रबराची पकड कमी असते.

आपला रस्ता म्हणजे ट्रॅक नव्हे

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. महामार्ग इतका गुळगुळीत, मग तेथेच सराव का करू नये?

पहिले कारण म्हणजे शंकूंची युक्ती रस्त्यावर चालत नाही. बाहेरची कडे ते आतली कडे असे जायचे तर समोरच्या वाहनांच्या पदरात शिरावे लागेल. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. रस्त्यावर वळणापलीकडून कापसाने भरलेली ट्रॉली येत असते, किंवा न दिसणारी एखादी बंडी.

दुसरे कारण म्हणजे घर्षण-गुणांक रस्त्यावर कायम नसतो. ट्रॅक झाडून स्वच्छ केलेला असतो. आपल्या वऱ्हाडात पाऊस पडला की शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना काळी माती चिकटून येते आणि डांबरावर तिचा निसरडा थर बसतो. कोठे गिट्टीची चुरी सांडलेली असते, कोठे वाळत घातलेले पीक. आपल्या २५ मीटरच्या वळणावर याचा परिणाम पाहा. रस्ता ओला होऊन गुणांक ०.४ झाला तर मर्यादा ताशी ५० वरून ३६ वर येते. चुरीवर तो ०.२ झाला तर २५ वर! वळण तेच, गाडी तीच, चालकही तोच. पण काल ज्या वेगाने तो सुखरूप गेला, त्याच वेगाने आज पडतो.

तिसरे कारण म्हणजे पडल्यावर काय? ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी जागा किंवा खडीचा जाड थर असतो. घसरत गेलेला चालक तेथे सावकाश थांबतो. वेग तितकाच कमी व्हायचा असला, तरी त्याला वेळ जास्त मिळाला की शरीरावरचे बल कमी होते. रस्त्यावर वळणाबाहेर असतो मैलाचा दगड, बाभळीचे खोड नाहीतर पुलाचा कठडा. तेथे तोच वेग एका क्षणात शून्य होतो.

हे मी केवळ पुस्तकातून सांगत नाही. नुकताच एम.एस्सी. झालो होतो तेव्हाची गोष्ट. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात मोटारसायकलीने चाललो होतो. एका वळणावर चुरी पडलेली दिसली आणि गाडी झुकलेली असतानाच मी पुढचा ब्रेक गच्च ओढला. काय झाले ते कळायच्या आत मी रस्त्यावर होतो. मनगट मोडले. हेल्मेटवर ओरखडा उमटला, तो डोक्यावर उमटला असता. वर दिलेले सूत्र मला तेव्हाही पाठ होते. पण सूत्र वहीत असून भागत नाही. वळण यायच्या आधी ते आठवावे लागते.

आज मी शिकवतो त्या वर्गात दरवर्षी एखादा मुलगा हाताला प्लास्टर घालून येतो. कधी एखादा पुन्हा येतच नाही. त्याच्या रिकाम्या बाकाकडे पाहताना मला प्रत्येक वेळी वाटते, पकडीचा हा हिशेब त्याला कोणी वेळेवर सांगायला हवा होता.

हे करून पाहा

गिअरची मोटारसायकल चालवायला १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तोवर घरबसल्या हा प्रयोग करा. एका फळीवर सँडपेपर चिकटवा. जुन्या सायकलच्या टायरचा तुकडा अर्ध्या विटेखाली घट्ट बांधा आणि टायरची बाजू खाली करून ती वीट फळीवर ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. वीट घसरू लागेल त्या क्षणी थांबा आणि फळीच्या उचललेल्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा. त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून जमिनीवर टेकलेल्या टोकापर्यंतचे अंतरही मोजा. उंची भागिले अंतर म्हणजेच घर्षण-गुणांक. आता फळीवर थोडी कोरडी माती भुरभुरवून पुन्हा मोजा. मग ओली माती पसरून मोजा. तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

या प्रयोगात एक छान योग साधला आहे. फळीचा जमिनीशी जो कोन झाल्यावर वीट घसरते, त्या पृष्ठभागावर मोटारसायकलही जास्तीत जास्त तेवढ्याच कोनात झुकू शकते. दोन्ही कोनांचा टॅन एकच, घर्षण-गुणांक. म्हणून माती भुरभुरवल्यावर कोन किती कमी झाला ते नीट पाहून ठेवा. पुढे तुम्ही स्वतः गाडी चालवाल आणि पहिल्या पावसात काळ्या मातीने माखलेले वळण समोर दिसेल, तेव्हा ती घसरलेली वीट आठवा आणि ब्रेक वळणाच्या आधीच लावा.